नवरीच्या खुर्चीत

वाल्मीकने कॅसेटचे पाचही स्क्रू काढून वाटीत टाकले आणि वरचं झाकण अलगद उचललं. आत काळ्या रिळाच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. त्याने कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावलं आणि रीळ बोटाने फिरवत बुरशी पुसायला सुरुवात केली. स्पिरिटचा वास नाकात गेला की पूर्वी त्याला दुकान आठवायचं. हल्ली दवाखाना आठवायचा.

“ही कितवी, पप्पा?” तेजलने विचारलं. ती खाली फरशीवर मांडी घालून बसली होती. समोर लॅपटॉप, बाजूला जुना व्हीसीआर, दोघांच्या मधे वायरींचा गुंता.

“एकतिसावी.”

“म्हणजे अजून अकरा.”

वाल्मीकने रीळ पुढे फिरवलं. बेचाळीस कॅसेट होत्या, हे त्यालाही माहीत होतं. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्या पंचवीस-तीस वर्षं पडून होत्या. प्रत्येकीवर त्याच्या बायकोच्या, लताच्या, अक्षरात गाव आणि तारीख. वणी. चांदवड. घोटी. ओझर. पुन्हा वणी. लग्न शूट केलं, मिक्सिंग केलं, गिऱ्हाइकाला त्याची कॅसेट दिली की मूळ शूटिंगची कॅसेट, म्हणजे मास्टर, पुसून पुढच्या लग्नाला वापरायची, अशी धंद्याची रीत. पण काही मास्टर लता पुसू द्यायची नाही. गिऱ्हाइकाची खराब झाली तर, असं म्हणायची. खराब झाली म्हणून एकही गिऱ्हाईक कधी परत आलं नव्हतं.

तेजल बडोद्याला चित्रकला शिकली आणि तिथल्याच एका कॉलेजात नोकरीला लागली. चित्रं मात्र तिने केव्हाच सोडली होती. आता ती स्वतःच लोकांसमोर बसायची, नाहीतर व्हिडिओ लावायची. कोणी विचारलं तर वाल्मीक सांगायचा, कॉम्प्युटरचं काम करते. एकदा ती मागच्या भिंतीवर गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती लावून चार तास तोंडाला क्रीम थापत बसली होती. शेवटी चेहरा राहिलाच नव्हता, नुसता पांढरा गोळा. लताने ते मोबाइलवर बघितलं आणि म्हणाली, “केवढं क्रीम वाया घातलं पोरीनं.” मग दोन दिवस तोच व्हिडिओ लावून बघत बसली होती.

तेजल पंधरा दिवस आधीच आली. गुरुवारी लताचं वर्षश्राद्ध होतं आणि त्याआधीच्या शनिवारी गंगापूर रोडवरच्या एका जुन्या बंगल्यात तेजलचा कार्यक्रम होता. त्यासाठीच तिला कॅसेट हव्या होत्या. वाल्मीकला द्यायच्या नव्हत्या. पण नाही म्हणायलाही अंगात काही तरी लागतं. ते वर्षभरात कुठे गेलं, त्याला कळलं नव्हतं.

“पप्पा, एक सांगा.” तेजल पडद्याकडे बघत होती. “ह्या सगळ्या नवऱ्या ट्यूबलाइट गिळल्यासारख्या का दिसतात?”

“त्यांना तसंच पाहिजे होतं.”

“नवऱ्यांना?”

“ज्याच्या घरी कॅसेट जायची त्याला.” त्याने बोळा बदलला. “पंचक्रोशीत नाव होतं आपलं. वाल्मीकच्या कॅसेटमधे नवरी गोरी येते म्हणायचे. लांबलांबून लोक यायचे. मुलगी सावळी असली की बाप आधी माझी तारीख घ्यायचा, मग कार्यालयाची.”

“पण करायचात कसं?”

“कॅमेऱ्यालापण बाहुली असते, डोळ्यासारखी. आयरिस म्हणतात. ती किती उघडायची ते आधी ठरवायचं आणि लॉक करून टाकायचं. मग मधे हात लावायचा नाही.”

“आणि ठरवायचं कशावरून?”

वाल्मीकने झाकण जागेवर बसवलं. एक स्क्रू वाटीतून निसटून चटईखाली गेला. तो शोधण्यात त्याने बराच वेळ घालवला.

“असतं तंत्र,” तो म्हणाला.

तेजल पुन्हा पडद्याकडे वळली. तो पाणी प्यायला उठला तेव्हा तिने लॅपटॉप अर्धा मिटून घेतला. गेले दोन दिवस ती हेच करत होती. तो मागून गेला की पडदा खाली.

“लोकांची लग्नं आहेत ती,” तो माठाजवळून म्हणाला. “हसायला लावू नको त्यांना.”

“कोण ओळखणारे? चेहरेच नाहीयेत त्यांना. तुम्हीच पुसून ठेवलेत.”

ती सहज बोलली होती. पण पेला तोंडाशी नेलेला वाल्मीकने तसाच खाली ठेवला.

*

लताचा फोटो बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या वर होता. चंदनाचा हार, खाली छोटा दिवा. तेजल आल्या दिवशी त्या फोटोसमोर उभी राहिली, हात जोडायला वर गेले आणि तसेच थांबले.

“ही कोण?” तिने विचारलं होतं.

 फोटो वाल्मीकचाच पराक्रम होता. वर्षश्राद्धाला भिंतीवर फोटो लागणार म्हणून तो दोन महिने आधीच रंगनाथच्या लॅबमधे गेला. पुतण्याच्या लग्नातला मोबाइलवरचा फोटो होता, तो दिला. रंगनाथ त्याचा तीस वर्षांचा दोस्त, डोळे पुसत पुसतच त्याने कॉम्प्युटर लावला. आणि फोटो पडद्यावर आल्याबरोबर वाल्मीकच्या तोंडून निघून गेलं, “जरा उजळ कर.” त्याला काही वाटून तो म्हणाला नव्हता. माणूस पायरी चढताना पाय उचलतो, तसं ते निघालं होतं. रंगनाथने सवयीने केलं. फ्रेम घेऊन वाल्मीक घरी आला, खिळ्याला लावली आणि चार पावलं मागे जाऊन बघितलं. कोणी तरी गोरी, भरल्या गालांची बाई त्याच्याकडे बघून हसत होती.

मग तो दुसरा फोटो शोधायला लागला. अल्बम काढले. ते सगळे त्याच्याच हातचे, सगळ्यांत लता पिठात तोंड बुडवल्यासारखी. मोबाइलमधले फोटो मोबाइलनेच धुऊन ठेवलेले. आधार कार्डावर काळा डाग होता, तो कोणाचाही असू शकला असता. शेवटचं वर्ष तर डायलिसिसमधे गेलं आणि त्या वर्षात तिचा रंगच बदलला. काळा नाही, सावळा नाही, चुलीतल्या राखेसारखा. “आता तुमचा कॅमेरापण हात टेकणार बघा,” असं ती मशिनच्या खुर्चीत पडल्या पडल्या म्हणाली होती.

आता त्याला नाक आठवायचं, भुवई आठवायची, हनुवटीखालचा तीळ आठवायचा. रंग आठवायचा नाही. डोळे मिटले की एक तर राख यायची, नाहीतर भिंतीवरची ती गोरी बाई. ज्या माणसाने आयुष्यभर चेहऱ्यांवर उजेड मारला त्याला स्वतःच्या बायकोचा रंग सांगता येऊ नये, याची त्याला लाज वाटायची आणि तो हे कोणाला बोलला नव्हता. एका दुपारी त्याने स्वयंपाकघरात गुळाचा डबा उघडून पाहिला. इतका पिवळा नाही. भाजलेल्या शेंगदाण्याची टरफलं हातावर घेतली. त्याहून गडद. चिंच काढली. चिंच फार झाली. मग तो ओट्याला टेकून उभा राहिला आणि दूधवाल्याने बेल वाजवेपर्यंत तसाच होता.

*

शुक्रवारी लताची थोरली बहीण बायडाबाई घोटीहून आली. रिक्षातून आधी तांदळाचं पोतं उतरलं, मग ती.

“इंद्रायणी हाय, नवा. नैवेद्याला होईल,” ती म्हणाली आणि चपला काढता काढता भिंतीकडे बघून थांबली. कमरेवर हात ठेवून तिने फोटो नीट न्याहाळला.

“वाल्मीकराव, ही लती व्हय?”

“हो, आक्का.”

“लय गोरी झाली वर जाऊन.”

तेजल आतल्या खोलीतून हसली. बायडाबाईही हसली आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. “आमच्या आईनं हिला लग्नाआधी महिनाभर म्हशीची साय लावली होती. रोज. म्हैस काळी ती काळी राहिली, ही पण. बाप म्हणायचा, साय खाल्ली असती पोरीनं तर निदान अंगाला लागली असती.”

चहा झाल्यावर तेजल मावशीला म्हणाली, “उद्या माझ्या कार्यक्रमाला यायचं.”

“नाटक हाय का?”

“नाटक नाही.”

“मग पिक्चर?”

“पिक्चर पण नाही, मावशी.”

“मग बघायचं काय तिथं?”

“मला.”

“तुला घरी बघते की. त्याला रिक्षा कशाला पाहिजे?”

तरी ती येणार होती. वाल्मीक मात्र म्हणाला की बघू, गुडघा दुखतो. तेजलने त्याच्याकडे पाहिलं. तिने नाक आईचं घेतलं होतं, रंग वाल्मीकचा, गव्हाळ. ती जन्मली तेव्हा नर्सने दुपटं उघडल्यावर लताने आधी तेच बघितलं होतं आणि मग डोळे मिटून पडून राहिली होती.

“तुमचा कॅमेरा घेऊन जातेय मी,” तेजल म्हणाली. “खांद्यावरचा. अजून चालतोय तो. तुम्ही या मात्र.”

“मी काय करू तिथे येऊन? तुझी माणसं शिकलेली.”

“तुम्ही नुसते बसा.”

तिच्या आवाजात विनवणी नव्हती. पण तिने वायरी गुंडाळायचं थांबवलं होतं. वाल्मीकने मान हलवली.

*

शनिवारी संध्याकाळी पाचला बंगल्याच्या दिवाणखान्यात चाळीसेक माणसं जमली होती. कॉलेजातली पोरं, खादीचे झब्बे, चारदोन प्राध्यापक. खिडक्यांना काळे पडदे लावले होते. खोलीच्या मधोमध लाल मखमलीची, सोनेरी हातांची खुर्ची होती, लग्नात नवरीला बसवतात ती. कुठल्या तरी मंडपवाल्याकडून आणलेली दिसत होती, एका पायाचा सोनेरी रंग उडाला होता. तिच्यासमोर तिकाटण्यावर वाल्मीकचा कॅमेरा. बाजूला एक जुना टीव्ही. आणि स्टँडला अडकवलेला हॅलोजनचा लाइट, ज्याला ते सनगन म्हणायचे. त्याच्या दांड्याला अजून लताने गुंडाळलेली सुती पट्टी होती. दांडा तापायचा म्हणून तिने जुन्या लुगड्याची पट्टी फाडून बांधली होती.

बायडाबाईला प्लास्टिकची खुर्ची मिळाली. वाल्मीक तिच्या शेजारी बसला.

दिवे गेले. डावीकडच्या भिंतीवर नवऱ्या यायला लागल्या. एकीमागून एक, दोन-दोन सेकंद. मागे सनई, मग त्या वेळची गाजलेली गाणी तुकड्यातुकड्याने, वाल्मीक मिक्सिंगमधे टाकायचा तशी तेजलने टाकलेली. बदामाच्या आकारातून उघडणारे चेहरे, कोपऱ्यातून उडत येणारे गुलाब, सगळं त्याच्याच जुन्या ढंगाचं. चेहऱ्यांच्या जागी पांढरा उजेड, त्यात दोन डोळे, नथ आणि कुंकू. नाक नाही, गाल नाहीत. वेगवेगळ्या गावच्या, वेगवेगळ्या घरच्या बेचाळीस मुली, आणि एकच चेहरा. मागची पोरं आधी हसली. विसाव्या-पंचविसाव्या नवरीनंतर कोणी हसेना.

वाल्मीकने गुडघे चोळले. हे होणारच होतं. त्याने मनाची तयारी केली होती. आता ती बोलेल, ह्या माणसाने हे केलं म्हणून, आणि लोक वळून बघतील. बघू देत. 

गाणी एकदम थांबली. उजवीकडची भिंत उजळली.

तिथे हीच लाल खुर्ची होती. म्हणजे तसलीच, दुसऱ्या कुठल्या तरी मंडपातली. मागे अर्धवट लावलेली फुलं. खुर्चीच्या अगदी कडेला, उठायच्या तयारीत, लता बसली होती. हिरवी साडी, हातावर वायरीचं भेंडोळं. पंचवीस-सव्वीस वर्षांची.

“मागे टेक,” एक आवाज आला. कॅमेऱ्यामागचा, तरुण, घाईतला. वाल्मीकला आधी कळलंच नाही तो कोणाचा. “हनुवटी जरा खाली. हां. झालं, ऊठ.”

लता उठली, आणि उठता उठता तुकडा संपला.

“आगं बया,” बायडाबाई हळूच म्हणाली. “लती हाय ना ती.”

दुसरा तुकडा. साडीवर स्वेटर, तोंडातून वाफ. “झालं, ऊठ.” तिसरा. नाकावर घाम, हातात पाण्याचा तांब्या. “खाली ठेव तो. हां. झालं, ऊठ.” मग ती आठ महिन्यांची पोटुशी, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवून टेकलेली.

“पाय सुजलेत हो. बसू का जरा?”

“नवरी निघालीय. ऊठ.”

वाल्मीक पुढे वाकला.

हे त्याने केलं होतं, पण ते कॅसेटवर उतरलंय हे तो विसरला होता. वणीच्या एका लग्नात लाइटवाला आलाच नव्हता, म्हणून लताने सनगन हातात घेतला. बाईमाणूस लाइट धरतं म्हणून पोरं बघायला जमली होती. नवरीला यायला उशीर होता. लाइट बसवायला कोणी तरी खुर्चीत पाहिजे, म्हणून सनगन स्टँडला लावून त्याने लतालाच बसवलं, तिच्या चेहऱ्यावर आयरिस ठरवली, लॉक केली. नवरी आली तेव्हा घाईत ती बदलायची राहून गेली. लताचा रंग गडद, म्हणून बाहुली जास्त उघडलेली. नवरी तिच्याहून चार आणे उजळ. ती पडद्यावर दुधासारखी आली. दुकानात कॅसेट बघून वाल्मीकने पैसे परत करायची तयारी केली होती, पण नवरीकडचे खूश झाले. त्यांनी दहा जणांना सांगितलं.

त्यानंतर चूक राहिली नाही, पद्धत झाली. मंडपात पोचल्यावर लता न सांगता खुर्चीत जाऊन बसायची. “माझ्या काळ्या तोंडावर चालतंय तुमचं दुकान,” ती म्हणायची आणि पट्टी बांधलेला दांडा उचलायची. हे दोघांनाच माहीत होतं. कॅसेटमधे तेवढा तुकडा पहिल्यांदा यायचा आणि मिक्सिंगला बसलं की पहिल्यांदा तोच कापायचा. तो फोटो नव्हता, शूटिंग नव्हतं. ती टेस्ट होती. घर धुंडाळताना त्या पेटीकडे बघायचं त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

भिंतीवर हिरवी साडी हिरवी होती. कुंकू लाल होतं. बांगड्यांच्या काचेचा हिरवा साडीच्या हिरव्याहून वेगळा दिसत होता. बेचाळीस लग्नांत बाहुली एकाच चेहऱ्यासाठी ठरवलेली होती, आणि त्या एका चेहऱ्यावर सगळं जिथल्या तिथे होतं. गाल होते. तीळ होता. आणि तो रंग होता. गूळ नाही, शेंगदाणा नाही. बघितल्यावर त्यात आठवण्यासारखं काही राहिलंच नाही. तो तर त्याला पाठ होता.

“झालं, ऊठ.”

“झालं. ऊठ आता.”

“ऊठ, ऊठ, आले ते.”

त्याने मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. एकाही तुकड्यात ती दहा सेकंदांच्या वर बसलेली नव्हती. एकदा तिने खुर्चीच्या मखमलीवरून हात फिरवला होता. एकदा कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, “माझापण काढा की एकदा पिक्चर.” आणि तो आवाज म्हणाला, “कॅसेट कशाला वाया घालवू?” तेव्हा ती हसली होती. म्हणजे ते दोघंही हसले होते. आवाज हसताना कॅमेरा हलला होता.

तुकडे संपले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

तेजल आली. साधा सुती कुर्ता, तोंडाला काही लावलेलं नाही. तिने सनगन चालू केला आणि नवरीच्या खुर्चीत बसली. टीव्हीवर तिचा चेहरा दिसायला लागला.

“ह्या कॅमेऱ्याला एक रिंग आहे,” ती लोकांना म्हणाली. “ती फिरवा. मी तुम्हाला चांगली दिसेपर्यंत.”

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग एक मुलगी उठली, तिने रिंग थोडी फिरवली. टीव्हीवरची तेजल जरा उजळली. मुलगी लाजून परत बसली. एक झब्बेवाले गृहस्थ उठले, त्यांनी आणखी फिरवली. मग दोन पोरं आली, एकाने दुसऱ्याला ढकललं, हसत हसत रिंग शेवटपर्यंत गेली. तेजलचं नाक गेलं, गाल गेले. पांढऱ्या उजेडात दोन डोळे राहिले. ती त्रेचाळिसावी झाली. पोरं हसायची थांबली आणि जागेवर गेली.

मग कोणी उठेना. तेजल तशीच बसून होती. लाइटने तिच्या कपाळावर घाम आला होता. तिने वाल्मीककडे पाहिलं नव्हतं, एकदाही.

“वाल्मीकराव,” बायडाबाई कुजबुजली, “पोर भाजून निघंल तिथं. उठा. तुमचंच यंत्र ना ते?”

वाल्मीक उठला. गुडघा कटकन वाजला. तो कॅमेऱ्यापाशी गेला आणि सवयीने आधी खिशातून रुमाल काढला. पांढरा रुमाल त्याने भिंगासमोर धरला, बोटाने बटण चाचपलं, दाबलं. टीव्हीवरची पिवळसर झाक गेली. रुमाल खिशात परत गेला. मग त्याने डोळा काचेला लावला. किती तरी वर्षांनी लावला होता, रबराचा तो वास तसाच होता. रिंगवर अंगठा आणि एक बोट ठेवून त्याने ती मागे घेतली. थोडी. आणखी थोडी. मग केसभर पुढे.

आधी गाल आले. मग नाक आलं, लताचं. मग कपाळावरचा घाम.

“हनुवटी जरा खाली,” तो म्हणाला.

तेजलने हनुवटी खाली घेतली.

मागच्या माणसांपैकी कोणी तरी श्वास सोडला. टीव्हीवर तेजल तेजलसारखी दिसत होती, गव्हाळ, डोळ्यांखाली दमलेली, ओठावर जुनी खोक. वाल्मीकने आयरिस लॉक केली आणि हात काढून घेतला. काम झालं होतं. आता पुढचे दोन शब्द त्याचे होते. खोलीतल्या सगळ्यांनी ते भिंतीवरून इतक्या वेळा ऐकले होते की त्यांना ते पाठ झाले असावेत. ती माणसं वाट बघत होती. तेजलने दोन्ही हात खुर्चीच्या सोनेरी हातांवर ठेवले, उठण्यासाठी भार द्यायला, आणि वर त्याच्याकडे पाहिलं.

भिंतीवर पोटुशी लता पुन्हा खुर्चीच्या कडेला टेकली. पायाने वायर बाजूला सारली.

“पाय सुजलेत हो,” ती म्हणाली. “बसू का जरा?”

भिंतीवरून उत्तर यायच्या आत वाल्मीक बोलला.

“बस,” तो म्हणाला. “नवरी यायला वेळ आहे.”